अंधाराचा आडोसा

"वहिनी, रात्री झोप येत नाही का हो तुम्हाला?"

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी अगदी सहज विचारलं. भाजीच्या गाडीपाशी, मेथीच्या जुड्या चाळता चाळता. मी म्हटलं, "का हो?" तर म्हणाल्या, "नाही, पहाटे चार-चारला मागच्या गॅलरीत बसलेल्या असता. एकट्याच. परवा टीव्हीत दिसलात."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

मैत्रिणींनो, आधी ह्या गॅलरीबद्दल सांगते, म्हणजे माझ्या पोटात गोळा का आला ते कळेल. आमची मागची गॅलरी पहिल्या मजल्यावर आहे. खाली पार्किंग, पलीकडे कुंपणाची भिंत आणि आंब्याचं झाड. रस्ता नाही, रस्त्यावरचा दिवा नाही. दिवसभर घरात कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे पहाटेचा तेवढा तास काय तो माझा. त्यातून पन्नाशीला आल्यापासून रात्री अंगातून वाफा निघतात. त्या वयातून गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, आणि ज्या जायच्या आहेत त्यांना कळेलच! मग मे महिन्यात साडी सोडून ठेवायची, परकर-पोलक्यावर गॅलरीत बसायचं, केस मोकळे सोडायचे आणि वाऱ्याची वाट बघायची. दिवा लावायचा नाही. काळोख होता ना! स्वतःचा हात स्वतःला धड दिसत नसे, मग दुसऱ्याला काय दिसणार?

दिसलं. सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात, देवघराशेजारच्या पडद्यावर. फेब्रुवारीत मोटारसायकल चोरीला गेली म्हणून सोसायटीने पार्किंगमध्ये चार कॅमेरे बसवले. वर्गणी आम्हीही दिली होती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अंधारात कसं दिसेल? तुला काहीतरी वाटतंय." तेव्हा मी एक गंमत करून दाखवली. ती तुम्हीही आजच करून बघा. खोलीतला दिवा बंद करा. टीव्हीचा रिमोट घ्या. मोबाइलचा पुढचा कॅमेरा, म्हणजे ज्याने आपण स्वतःचा फोटो काढतो तो, चालू करा आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबा. उघड्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. मोबाइलच्या काचेत मात्र पांढरा-जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा हा प्रकाश अडवणारी जाड गाळणी असते, म्हणून पुढचा वापरायचा.

तो ठिपका म्हणजे अवरक्त प्रकाश. इंद्रधनुष्यात तांबड्याच्या पलीकडे जो पट्टा आपल्याला दिसत नाही, तो. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शल ह्या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून उन्हाचे रंग पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला, तेव्हा तांबड्याच्या पुढे, जिथे काहीच रंग नव्हता, तिथे पारा सगळ्यात वर गेला. (त्याच्या बहिणीने, कॅरोलिनने, पूर्वी कित्येक वर्षे भावाचे घर सांभाळले आणि रात्री जागून स्वतःच्या डोळ्यांनी आठ धूमकेतू शोधले. हे आपल्या पाठ्यपुस्तकात कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगून टाकते.)

आता आमच्या पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचं. दिवसा तो आपल्या डोळ्यांसारखाच बघतो, कारण त्याच्यासमोर अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते. तिन्हीसांजेला ती काच आतल्या आत बाजूला सरकते. जवळ उभ्या राहिलात तर टक् असा बारीक आवाजही येतो. मग भिंगाभोवतीचे बारके दिवे लागतात. त्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, फार तर मंद तांबडे टिपके दिसतात, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो झोतच. साध्या कॅमेऱ्याचा झोतही वीस-पंचवीस मीटर सहज पोचतो. म्हणजे मी ज्याला काळोख समजत होते, त्यात माझ्या अंगावर रात्रभर बत्ती धरलेली होती, आणि हे माझ्याखेरीज त्या पडद्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

हे ऐकल्यावर माझी धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, हे तर काहीच नाही, आता कपड्यांच्या आतलंही दिसतं म्हणे!" अशा वेळी अर्धं खरं आणि अर्धी अफवा असते. खोट्याने उगीच झोप उडते आणि खऱ्याकडे लक्ष राहत नाही, म्हणून दोन्ही वेगळे करून सांगते.

खरे ते असे. १९९८ साली सोनी कंपनीने रात्री चित्रण करणारा एक हँडीकॅम बाजारात आणला होता. झोपलेल्या बाळाचं चित्रण दिवा न लावता करता यावं, असा घरगुती उपयोग. पण काही लोकांनी तो रात्रीचा खटका दिवसा उन्हात चालू केला, भिंगावर एक खास काळी काच लावली, आणि पातळ कपड्यांच्या, पोहण्याच्या पोषाखांच्या आतले अस्पष्टसे दिसू लागले. जपानी मासिकात त्याची वाच्यता झाली आणि त्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्या कॅमेऱ्यांची पाठवणी थांबवून भर उजेडात रात्रीचा खटका नीट चालणार नाही अशी दुरुस्ती केली. बावीस वर्षांनी, २०२० साली, वनप्लस ८ प्रो ह्या मोबाइलच्या एका कॅमेऱ्यातून काळ्या प्लास्टिकच्या आरपार आणि काही पातळ कापडांतूनही दिसते, असे लोकांच्या ध्यानात आले. कंपनीने चीनमध्ये माफी मागून ती सोय बंद केली.

असे होण्याचे कारण आपल्या कपाटात आहे. कपड्याचा रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो. पुष्कळशा रंगांना अवरक्त प्रकाश अडवताच येत नाही. काळी नायलॉनची ओढणी ह्या कॅमेऱ्यात पांढुरकी दिसू शकते. मग आडोसा राहतो तो नुसत्या धाग्याचा. विरळ विणीचे, कृत्रिम धाग्याचे, अंगाला चिकटलेले आणि त्यातून ओले कापड असेल तर आडोसा थोडाच. सैल, दुपदरी, अस्तर लावलेले कापड असेल तर पुष्कळ. आजी म्हणायची, पोलक्याला अस्तर लावल्याशिवाय शिंप्याकडून आणू नकोस. तिला अवरक्त बिवरक्त ठाऊक नव्हतं, पण सांगणं अगदी बरोबर होतं!

आणि अफवा कोणती? मोबाइलवर एखादे अ‍ॅप उतरवून घेतले की समोरच्या बाईच्या कपड्यांआड दिसते, ही. तसे होत नाही. बहुतेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावर गाळणीची काच असते आणि अ‍ॅपला ती काढता येत नाही. तसले अ‍ॅप एक तर पैसे उकळते, नाही तर खोटे चित्र रंगवून दाखवते. खोटे चित्रही बाईला पुरेसे त्रासाचे असते, पण तो विषय निराळा.

आता भिंतीचे. मला सगळ्यात नवल वाटले ते ह्याचे. तवा तापला का, हे आपण त्याला बोट लावून बघत नाही, वर हात धरतो. तळव्याला जी धग लागते तीही अवरक्तच, फक्त आणखी पलीकडच्या पट्ट्यातली. ही धग बघणारा कॅमेरा म्हणजे थर्मल कॅमेरा. त्याला प्रकाश लागतच नाही. माणूस, गरम कुकर, नुकतीच कोणी उठून गेलेली खुर्ची, सगळे स्वतःच्या उबेने उजळलेले दिसते. करोनाच्या दिवसांत विमानतळांवर ताप बघायला हेच कॅमेरे लावले होते. ते भिंतीच्या आरपार बघत नाहीत. साध्या काचेच्या आरपारही नाही. पण भिंत कुठे कोमट झाली आहे, हे मात्र बाहेरून बघतात.

जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावी, पहाटे तीनच्या सुमारास, सरकारी अंमलदारांनी रस्त्यावरच्या गाडीत बसून एका घरावर असा कॅमेरा रोखला. गॅरेजवरचे छप्पर आणि एक भिंत शेजाऱ्यांपेक्षा गरम निघाली. त्यावरून त्यांनी झडतीचा हुकूम मिळवला, आणि आत मोठ्या दिव्यांखाली गांजाची शंभरावर रोपे सापडली. माणूस दोषी होता, त्यात वाद नाही. वाद होता तो भिंतीचा. घराच्या बाहेर उभे राहून घरातली ऊब मोजली, तर ती झडती होते का?

खटला नऊ वर्षे चालला. ११ जून २००१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला, की होय, होते. आणि त्यासाठी आधी हुकूम हवा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया ह्यांनी उदाहरण कोणाचे दिले असेल? घरातल्या बाईचे! असल्या यंत्राने घरची बाई रोज रात्री किती वाजता न्हाते हेसुद्धा कळू शकेल, असे त्यांनी निकालात लिहिले. गांजाचा खटला, पण न्यायाधीशांना आठवली ती न्हाणीघराची भिंत. उलट बाजूच्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स ह्यांचे म्हणणे असे, की स्वयंपाकघरातला वास जसा बाहेर पडला की सगळ्यांचा होतो, तशीच भिंतीतून बाहेर पडलेली ऊबही. हे मी दोनदा वाचलं. आमच्याकडे सुक्या बोंबलाचा वास बाहेर गेला की शेजारच्यांना कळतं, हे खरंच आहे. पण वास नाकाला येतो, त्यासाठी कोणी गाडीत यंत्र घेऊन बसत नाही. मला स्कॅलियांचं पटलं. एक खोच मात्र त्या निकालात राहिली आहे. यंत्र सर्वसामान्य लोकांच्या वापरात नाही, हाही त्याचा एक आधार होता. आता मोबाइलला जोडायचे थर्मल कॅमेरे कोणीही विकत घेऊ शकतो.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खासगी क्षणी बाईला चोरून बघणे किंवा तिचे चित्र घेणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ त्यासाठीच आहे आणि पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. तरी माझ्या गॅलरीला ह्याचा उपयोग काय? कोणी चोरून बघितलं नव्हतं. कॅमेरा सगळ्यांच्या संमतीने, वर्गणी काढून लागला होता.

मीटिंगमध्ये उठून बोलावं, तर काय बोलणार? "मी परकरावर बसले होते" असं अठरा बिऱ्हाडांच्या पुरुषांसमोर म्हणू? म्हणून मी सेक्रेटरीबाईंकडेच गेले, दुपारी, पुरुष कामावर असताना, आणि सरळ सांगितलं. त्या बिचाऱ्या लालेलाल झाल्या. पडदा लावून बघितला तेव्हा एकटी माझीच गॅलरी नव्हती. शेजारच्या बिऱ्हाडातली नवी सून रात्री रडणाऱ्या बाळाला गॅलरीत घेऊन पाजते, तिचीही दिसत होती. ती तर म्हणाली, "मी मुद्दाम दिवा मालवून बसते हो काकू."

मग आम्ही पाचजणी मिळून बोललो आणि रविवारी कॅमेऱ्याचा मिस्त्री आला. त्याच्याकडून कळलं ते तुम्हीही आपल्या सोसायटीत विचारा. कॅमेऱ्याचं तोंड खाली करता येतं. ते जमत नसेल, तर यंत्रातच चित्राच्या हव्या त्या भागावर कायमचा काळा चौकोन टाकता येतो. मग तो भाग दिसत नाही आणि साठवलाही जात नाही. मिस्त्रीला दहा मिनिटंही लागली नाहीत. पडदा कोणाच्या घरी असावा, कोणी बघावं, चित्रण किती दिवस राहतं, हेही विचारायचं. आमच्याकडे पंधरा दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. परगावी लॉजवर उतरलात तर दिवे मालवून मोबाइलचा पुढचा कॅमेरा खोलीभर फिरवा. असला दिवा लपवलेला असेल तर ठिपका दिसेल. दिवा नसलेला कॅमेरा मात्र असा सापडत नाही, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका.

पडदा आता खाली वॉचमनच्या खोलीत गेला आहे. त्यात आमच्या गॅलऱ्या म्हणजे ओळीने काळे चौकोन दिसतात, जणू खिडक्यांना कोणी काजळ फासलंय. ह्यांनी स्वतः जाऊन बघून आल्यावर एवढंच म्हटलं, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

पंधरा दिवस मी गॅलरीत गेले नाही. आतच पंख्याखाली घामाघूम होऊन पडून राहिले आणि दिवस मोजले. सोळाव्या रात्री पावणेचारला उठले, साडी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि दार उघडलं. खाली पार्किंगमध्ये कॅमेऱ्याचे तांबडे टिपके लागलेलेच होते. आंब्याकडून थोडा वारा येत होता.