वृद्धसेवेला हवे जाणते नेतृत्व

पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात रोवणीचे दिवस आले, की घरातील धडधाकट माणूस बांधीवर जातो. दिवसभर घर सांभाळतात ती लहान मुले आणि वृद्ध माणसे. या वृद्धांपैकी कोणी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्याला पाणी पाजण्याचा आणि कुशीवर वळविण्याचा प्रश्न बिकट होतो. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुकाही याला अपवाद नाही. नागपूर-रायपूर महामार्गावरील साकोलीपासून नागपूर सुमारे १०० किलोमीटरवर आहे. शिक्षणासाठी व नोकरीसाठी तरुण त्या वाटेने बाहेर पडतात आणि आईवडील गावी राहतात. वृद्धांची निगा हा केवळ घराघरांचा खाजगी प्रश्न आता राहिलेला नाही.

सन २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. त्या वेळी भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती. राज्याची सरासरी लावली, तर एकट्या या जिल्ह्यात त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास ज्येष्ठ नागरिक असावेत, असा अंदाज निघतो.

निगा हेही एक शास्त्र

रुग्णालयातील उपचार आणि दीर्घकालीन निगा यांत फरक आहे. उपचार संपले, की रुग्ण घरी जातो. परंतु पक्षाघात, स्मृतिभ्रंश, खुब्याचे मोडलेले हाड किंवा निव्वळ वार्धक्य यांमुळे ज्याला आंघोळ, जेवण, शौच ही नित्याची कामे स्वतः करता येत नाहीत, त्याला महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, दुसऱ्याच्या हातांचा आधार लागतो. हा आधार म्हणजेच दीर्घकालीन निगा होय.

हे काम कोणालाही सहज जमेल, असा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. गिळण्यास त्रास होणाऱ्या माणसाला आडवे ठेवून घास भरविला, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. एकाच कुशीवर पडून राहिल्यास पाठीला व कमरेला जखमा होतात. त्या टाळण्यासाठी साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी वाद घालून ती अधिकच बावरते. माणसाला उचलण्याची रीत ठाऊक नसली, तर उचलणाऱ्याच्याच पाठीला इजा होते. आजवर हे सारे काम बहुतांशी पत्नी, सून किंवा मुलगी यांनीच केले आहे, तेही शिक्षणाविना, मोबदल्याविना आणि विश्रांतीविना.

कायदा व सोयी

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यांबाबतचा केंद्रीय कायदा २००७ मध्ये झाला. निर्वाह खर्चाच्या अर्जांसाठी त्यात न्यायाधिकरणाची तरतूद असून त्याचा पीठासीन अधिकारी उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसावा, असा दंडक आहे. अर्जदाराला त्यामुळे दूरच्या दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची मुभाही हा कायदा राज्य शासनांना देतो. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली होती.

आरोग्याच्या बाजूने वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ पासून राबविला जात आहे. त्याच्या रचनेत जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी अभिप्रेत आहे. साकोली येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले आहे. कायदा आणि योजना यांचा सांगाडा असा तयार आहे. त्यात प्राण ओतावयाचा, तर माणसे हवीत.

इमारत नव्हे, माणूस

१५० जणांच्या वृद्धाश्रमाचे उदाहरण घेऊ. त्यांपैकी ३० जण अंथरुणाला खिळलेले आहेत असे धरले, तर दर दोन तासांनी एक याप्रमाणे दिवसाकाठी ३६० वेळा कूस बदलावी लागेल. हे काम रात्रीही चालू राहते. कोणाची कूस बदलली, कोणाची राहिली, याची नोंद नसेल आणि रात्रपाळीवर एकच कर्मचारी असेल, तर उत्तम इमारत असूनही जखमा टळणार नाहीत. म्हणूनच अशा संस्थेचा दर्जा तिच्या अधीक्षकावर अवलंबून असतो.

जाणता अधीक्षक नवागताची प्रकृती, सवयी, आवडीनिवडी आणि भीती यांची पहिल्याच दिवशी माहिती घेतो आणि त्यानुसार निगेचा आराखडा लिहून ठेवतो. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक वृद्धाची हकिगत सांगावी, हा त्याचा नियम असतो. पडण्याच्या व जखमांच्या घटना तो लपवू देत नाही. दोषी कोण, यापेक्षा असे का घडले, हे तो आधी विचारतो. आंघोळ केव्हा करावयाची, जेवणात काय हवे, याबाबत वृद्धांचे मत घेतो. आपल्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीकडेही त्याचे लक्ष असते. थकलेल्या हातून उद्धटपणा व हयगय घडते, हे त्याला ठाऊक असते. हिशेब व शिस्त त्याला आलीच पाहिजे, परंतु केवळ हिशेबनीस हे काम करू शकणार नाही.

शिक्षण व रोजगाराची वाट

या क्षेत्रात प्रवेशाचे मार्ग अनेक आहेत. सहायक परिचारिका प्रसाविका अर्थात ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, जी.एन.एम. हा तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जनरल ड्यूटी असिस्टंट व होम हेल्थ एड यांसारखे अल्प मुदतीचे कौशल्य अभ्यासक्रमही आहेत. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानाने वृद्धसेवेच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले आहे. समाजकार्याची पदवी, भौतिकोपचार व आहारशास्त्र यांनाही येथे वाव आहे.

उणीव आहे ती पुढच्या पायऱ्यांची. काळजीवाहक म्हणून लागलेली मुलगी अनुभवाने पाळीप्रमुख आणि पुढे अधीक्षक होऊ शकेल, अशी पक्की वाट आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. वाट दिसत नसेल, तर हुशार मुले या कामाकडे वळणार नाहीत. आणि वळली तरी टिकणार नाहीत. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि बढतीची संधी या गोष्टींचा लाभ शेवटी वृद्धांनाच मिळतो.

अन्यत्रचे अनुभव

हा प्रश्न इतरांनी कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने वृद्ध शुश्रूषागृहाच्या प्रशासकाला राज्याचा परवाना आवश्यक ठरला, तर १९८७ च्या कायद्याने परिचर्या सहायकास किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. जपानने १९८७ मध्येच निगा-कर्मचाऱ्यांच्या व्यवसायाला कायद्याने मान्यता दिली आणि २००० मध्ये दीर्घकालीन निगेची विमा योजना सुरू केली. या देशांनी इमारतींबरोबर माणसांच्या पात्रतेचाही विचार केला.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण केरळचे. असाध्य आजारात वेदना कमी करून दिलासा देणाऱ्या सेवेचे धोरण त्या राज्याने २००८ मध्ये स्वीकारले. परिचारिका, स्थानिक स्वयंसेवक आणि ग्रामपंचायत यांच्या सहकार्याने तेथे घरोघरी भेटी दिल्या जातात. घर न सोडता निगा मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

गावपातळीवर काय करता येईल

साकोलीसारख्या तालुक्यात बहुसंख्य वृद्ध घरीच राहतील. तेव्हा आरंभ तेथूनच करणे इष्ट. आशा सेविकांच्या मदतीने हिंडते-फिरते, घरापुरते वावरणारे आणि अंथरुणाला खिळलेले अशा तीन गटांत गावातील ज्येष्ठांची यादी ग्रामपंचायतीस करता येईल. तिसऱ्या गटातील घरे पाच-दहाच निघाली, तरी त्यांची गरज सर्वांत निकडीची समजावी. बचत गटातील काही महिलांना निगेचे प्रशिक्षण देऊन रोवणी व कापणीच्या दिवसांत त्यांची पाळी लावता येईल. मात्र हे काम फुकट करून घेऊ नये. त्याचा मोबदला ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करतानाच विचारात घ्यावा.

शिक्षकांनी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना या व्यवसायाची माहिती द्यावी, आणि ती मुलींप्रमाणेच मुलांनाही द्यावी. दांडग्या माणसाला खाटेवरून उचलावयाचे, तर बळकट हातही लागतात. अधिकाऱ्यांनी वृद्धाश्रमास भेट देताना खोल्या व खाटांबरोबर रात्रपाळीची नोंदवही, जखमांची नोंद आणि कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्यांचा तक्ता अवश्य पाहावा. संस्थेची खरी प्रकृती त्या तीन कागदांत दिसते.

वृद्धसेवेकडे आपण पुण्यकर्म म्हणून पाहत आलो. ती भावना मोलाची आहे. पण पुण्यबुद्धीला ज्ञानाची व व्यवस्थेची जोड नसेल, तर अंथरुणावरच्या माणसाच्या जखमा चुकत नाहीत. सेवाभाव, कौशल्य आणि नेतृत्व हे तिन्ही गुण असलेली माणसे तयार करणे, त्यांना मान व योग्य वेतन देणे, हे काम शासन, शाळा आणि पंचायत यांनी मिळून हाती घेतले पाहिजे.