न चाललेलं इंजिन

शनिवारी लोखंड आणि तेल विकत घेऊ नये, हा नियम नगर जिल्ह्यातली बरीच घरं अजून पाळतात. शनिशिंगणापुरात मात्र शनिवारी सगळ्यात जास्त खपतं ते तेलच. घोडेगावला महामार्ग सोडून आत वळलं की दुकानांपुढे बाटल्यांच्या रांगा दिसायला लागतात. बिनछपराच्या चौथऱ्यावर उभी काळी शिळा, साधारण साडेपाच फुटांची, ऊन-पाऊस अंगावर घेणारी, आणि तिच्यावर सतत पडणारं तेल. नवी गाडी आधी इथे आणायची, हँडलला लिंबू-मिरची बांधायची आणि मग वापरायला काढायची, अशी रीत पाळणारेही पुष्कळ. शनी लोखंडाचा देव आणि लोखंडाला तेल लागतं, एवढं गणित गॅरेजवाल्यालाही पटतं, मग त्याची श्रद्धा असो वा नसो.

या लेखातल्या लोखंडाला मात्र वर्षानुवर्षं तेल मिळालेलं नाही. कारखान्यात बांधलं गेलं, खोक्यात बसलं आणि कधी चाललंच नाही, असं मोटरसायकलचं इंजिन. अशी इंजिनं सापडतात. कुणी हौसेने जादा म्हणून घेऊन ठेवलेलं असतं, कुठे एजन्सी बंद पडून माल भावांच्या वाटणीत अडकलेला असतो.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, यंत्रांचं वेड जुनं आहे. चिलखती दलाचं केंद्र 1948 पासून इथे आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथलीच. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरचं नाव घरोघरी नेलं. एच. के. फिरोदियांनी 1972 मध्ये बाजारात आणलेली 50 सीसीची लूना मास्तरांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांनी दामटली. तरी इथे लूना बाजूला ठेवतो. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जातं, त्यामुळे न चाललेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याची खरी गंमत तिच्यात नाही. ती आहे जुन्या बुलेटच्या बिडाच्या इंजिनात.

1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, ती लष्कराला हव्या असलेल्या बुलेट 350 मुळे. 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक, 346 सीसी. हे माप पुढे अर्धशतक टिकलं. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा, म्हणून पिस्टनची वाट लांब, फेरे कमी आणि ठोका सुटा सुटा. नव्या शतकाचं पहिलं दशक संपता संपता हे इंजिन बंद झालं आणि एकसंध बांधणीचं नवं आलं. तेव्हापासून जुन्याचा भाव चढाच आहे. त्यातून इंजिन न चाललेलं असेल तर विकणारा 'झिरो किलोमीटर' म्हणतो आणि घेणाऱ्याचे डोळे लकाकतात.

इथेच फसायला होतं. न चाललेलं म्हणजे नवं नव्हे.

एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे, ती आधी सांगतो. चालवून मग उभं ठेवलेलं इंजिन आतून घाण असतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट राळ झालेली असते, हेडला कार्बन धरलेला असतो, जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगवर बसून राहिलेलं असतं. कधीच न चाललेल्यात यातलं काही नसतं. जेट उघडून पाहिला तर पितळ अजून पिवळं दिसतं.

बाकी सगळा हिशेब उलटा. बांधताना फिटरने हाताने लावलेलं ऑइल काही वर्षांत खाली ओघळतं, उरलेल्याचा वॉर्निशसारखा थर होतो. ऑइल सीलचं रबर कडक होतं, बुचाची पॅकिंगं आकसतात, कागदी गॅस्केट वाळतात. नगर पर्जन्यछायेत आहे म्हणून गंज कमी, असं म्हणतात, आणि कोकणाशी तुलना केली तर ते खरंही आहे. पण दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गारठणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये धातूवर दव धरतंच. ते इंजिनात शिरतं उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून. शिंगणापुरात घरांना चौकट असते, दार नसतं, आणि गावाचं त्यावाचून अडत नाही. इंजिनाचं अडतं. म्हणून जाणते लोक इंजिन ठेवताना पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून ठेवतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. खोक्यातलं इंजिन मात्र बांधणाराने जिथे सोडलं तिथेच थांबलेलं असतं. रिंगा बोअरला जिथे टेकून राहिल्या, तिथे गंजाची बारीक कडी उमटते.

याहून मोठा धोका निराळा आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दहा हजार किलोमीटर पळालेल्या इंजिनाने परीक्षा दिलेली असते. त्याच्या बांधणीत चूक असती तर ती केव्हाच बाहेर आली असती. कोऱ्या इंजिनाची परीक्षाच झालेली नाही. ऑइलच्या वाटेत अडकलेला कीस, ओतकामाची राहिलेली वाळू, अर्धवट ओढलेला नट, यातलं काही असेल तर ते अजून आतच आहे.

म्हणून पहिला प्रश्न येतो खोलायचं की नाही. संग्राहक म्हणतात, कारखान्याची बांधणी मोडू नका, किंमत जाते. मिस्त्री म्हणतात, खोला. मी मिस्त्र्यांच्या बाजूचा आहे. बुलेटचं हेड आणि बॅरल उतरवणं हे दोनेक तासांचं काम. गॅस्केट आणि सील नवे घालायचेच असतात. बोअरवर हलका गंज असेल तर होनिंगने निघतो, खड्डे पडले असतील तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. हे आधी कळलेलं बरं, कारण किक मारल्यावर कळलं तर रिंगा गेलेल्या असतात.

खोलायचंच नसेल तर निदान घाई करू नये. प्लग काढून बोअरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडायचं आणि एक-दोन दिवस मुरू द्यायचं. मग किकला पाय लावायचा नाही. डावीकडचं प्रायमरी कव्हर उघडून क्रँकच्या नटाला पाना लावायचा आणि हळूहळू फिरवायचं. किकने दणका बसतो, पान्याने आतलं बोटांना कळतं. कुठे अडलं तर जोर न लावता मागे यायचं आणि पुन्हा ऑइल सोडायचं. चिकटलेली रिंग सुटताना हाताला कळते. मोडतानाही कळते, पण तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता तेल. बुलेटचं इंजिन ड्राय संप पद्धतीचं. ऑइल क्रँकखाली साचून राहत नाही, मागच्या कप्प्यात राहतं. एक पंप ते पुढे ढकलतो, दुसरा परत आणतो, आणि दोन्ही क्रँकच्या टोकावरून चालतात. वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला पंप पहिल्या फेऱ्यात ऑइल ओढेलच असं नाही, वाटेत हवा अडकते. जुन्या बुलेटच्या बिगएंडला रोलर नसून फिरता बुश असतो, आणि बुश म्हणजे ऑइलच्या पातळ थरावर तरंगणारी गोष्ट. तो थर नसेल तर थोड्याच वेळात धातू धातूला घासतो. त्यानंतर येणारा आवाज ज्याने ऐकलाय, तो घाई करत नाही.

म्हणून पंप आधी ऑइलने भरतात, टायमिंगच्या बाजूला आणि रॉकरवर हाताने ऑइल सोडतात. टायमिंग कव्हरवरचा फीड प्लग सैल करून स्पार्क प्लगशिवायच इंजिन फिरवत राहतात. आधी बुडबुडे येतात, मग ऑइल. रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट सैल करून तिथेही ऑइल पोचलं का ते पाहतात. या दोन ठिकाणी ऑइल दिसेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, एवढी एक शिस्त पाळली तर अर्धं काम झालं. ऑइल साधं खनिज, 20डब्ल्यू-50. महागडं सिंथेटिक इथे नको. त्याच्या निसरडेपणामुळे रिंगा बोअरला बसायला वेळ लागतो, आणि कोऱ्या इंजिनात नेमकं तेच बसवायचं असतं.

पेट्रोलचं एक नवं दुखणं आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शिंगणापूरपासून हाकेच्या अंतरावर सोनईचा मुळा साखर कारखाना, सगळा जिल्हाच उसाचा, तेव्हा इथल्या माणसाने इथेनॉलला नावं ठेवणं शोभत नाही. पण त्या काळचे रबरी नळे आणि सील या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. रबर बदलायचं आणि टाकीत पेट्रोल पडून राहू द्यायचं नाही, इतकं तरी करावंच.

इग्निशनच्या पॉइंटवर वर्षांचा पांढुरका थर असतो, तो पुसून गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायचा. कंडेन्सर चांगला दिसला तरी नवा घालायचा. टॅपेट थंड इंजिनावर असे लावायचे की पुशरॉड बोटांनी फिरेल, पण वरखाली हलणार नाही.

मग किक. ज्यांनी बुलेट चालवली त्यांना हे पाठ असतं: अ‍ॅमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हलके दाबायची, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन कॉम्प्रेशनच्या जरा पुढे न्यायचा, लिव्हर सोडायचा आणि मग पूर्ण दाबायची. सुरू झालं की धूर येतो, बोअरमध्ये सोडलेलं ऑइल जळत असतं. घाबरू नये. घाबरायचं ते ऑइल परत येत नसेल तर. म्हणून लगेच ऑइलच्या कप्प्याचं झाकण काढून आत पाहतात. परतीची धार दिसली नाही तर इंजिन तिथेच बंद.

पहिल्या दिवशी जागेवर फार वेळ चालवत नाहीत. उभ्या गाडीला वारा लागत नाही, बिडाचं बॅरल तापतं, आणि बोजाशिवाय रिंगा नीट बसतही नाहीत. थोडं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, मग रस्त्यावर काढायचं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा ओढायचे, कारण नवं गॅस्केट दबतं. टॅपेटही पुन्हा पाहायचे. आणि 500 किलोमीटरला पहिलं ऑइल काढताना ते गटारात न ओतता पसरट भांड्यात घ्यायचं, त्यातून चुंबक फिरवायचं आणि उन्हात धरून पाहायचं की लागलेला कीस पिठासारखा बारीक आहे की त्यात कपचे आहेत. बारीक असेल तर नवं ऑइल भरायचं. कपचे असतील तर इंजिन पुन्हा टेबलावर.