लिमोन्चेल्लो : लिंबाच्या सालीचे मद्य

दक्षिण इटलीतील कांपानिया प्रांतात, नेपल्सच्या आखाताच्या दक्षिणेस, सोरेंतोचे द्वीपकल्प समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या दुसऱ्या अंगाला अमाल्फीचा कडेकपारींचा किनारा आणि टोकासमोर काप्री हे बेट आहे. या टापूत जेवण आटोपल्यावर फ्रीझरमधून काढलेले पिवळेधमक, किंचित धुकट आणि चांगलेच गोड असे एक मद्य लहानशा पेल्यांतून देण्याची रीत असून त्यालाच लिमोन्चेल्लो म्हणतात. नाव लिंबावरून पडले असले, तरी पारंपरिक कृतीत लिंबाच्या रसाला स्थान नाही. हे मद्य सालीचे आहे, आणि त्याची लागवडीपासून पेल्यापर्यंतची बहुतेक वैशिष्ट्ये या एका गोष्टीतून उलगडतात.

लिंबाच्या सालीला दोन थर असतात. बाहेरचा पिवळा थर पातळ असून त्यात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या खचाखच भरलेल्या असतात. साल दुमडून मेणबत्तीजवळ पिळली की ज्या ठिणग्या उडतात, त्या याच तेलाच्या. आतला पांढरा, स्पंजासारखा थर मात्र कडवट असतो. तेलाचा मोठा भाग लिमोनीन या द्रव्याचा असला, तरी लिंबाची म्हणून जी खास ओळख नाकाला पटते, ती मुख्यतः सिट्राल या द्रव्यामुळे, आणि ते तेलात जेमतेम काही टक्के असते. गवती चहाच्या तेलात हेच सिट्राल निम्म्याहून अधिक असते; पावसाळ्यात गवती चहाची पात घालून उकळलेल्या चहाला लिंबासारखा वास येतो, तो त्यामुळे. लिमोनीन आणि सिट्राल दोन्ही पाण्यात फारशी विरघळत नाहीत, परंतु तीव्र अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात. शिवाय सिट्राल आम्लात टिकाव धरत नाही, त्याचे हळूहळू विघटन होते. म्हणजे रस वगळण्याची जुनी रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

साल हाच कच्चा माल ठरल्यावर लिंबाची जात गौण राहत नाही. सोरेंतोकडे लंबगोल, मध्यम आकाराचे लिंबू होते, तर अमाल्फीच्या किनाऱ्यावर ‘स्फुझातो’ नावाचे लांबट, दोन्हीकडे निमुळते लिंबू पिकते. हा शब्द इटालियन भाषेतील चातीच्या नावावरून आलेला आहे आणि फळाचा आकार पाहता तो शोभतोही. या दोन्ही लिंबांना युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. सोरेंतोकडे लिंबाची झाडे चेस्टनटच्या लाकडाच्या उंच मांडवाखाली वाढवतात आणि थंडीवाऱ्यापासून बचाव म्हणून त्या मांडवावर पूर्वी गवताच्या चटया पसरीत; आता पुष्कळ ठिकाणी त्यांची जागा जाळ्यांनी घेतली आहे. अमाल्फीला तर सपाट जमीनच नाही. तेथे डोंगरउतारावर चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी बांधांवर पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांत बागा उभ्या केलेल्या आहेत, आणि रस्ते होण्यापूर्वी तेथील लिंबे शेकडो पायऱ्या उतरून किनाऱ्यावर आणण्याचे काम प्रामुख्याने बायका करीत. सुमारे ५० किलोच्या करंड्या पाठीखांद्यावर घेऊन रांगेने उतरणाऱ्या या बायकांना ‘फोर्मिकेल्ले’, म्हणजे ‘छोट्या मुंग्या’, असे नाव पडले होते. नाव लाडिक आहे, काम मुळीच लाडाचे नव्हते.

या मद्याच्या जन्माविषयी मात्र जे सांगितले जाते, ते सावधपणे ऐकलेले बरे. कोणी त्याचा उगम मठांतील साधूंकडे नेतो, कोणी कोळ्यांच्या न्याहारीकडे. सोरेंतो, अमाल्फी आणि काप्री हे तिघेही त्यावर आपला हक्क सांगतात. काप्रीच्या पक्षाची कथा अशी, की विसाव्या शतकाच्या आरंभी मारिया अंतोनिया फाराचे ही बाई आपल्या पांथशाळेत पाहुण्यांना घरच्या बागेतील लिंबांचे मद्य देत असे, आणि तिच्याच वंशातील मास्सिमो कानाले यांनी १९८८ साली त्याची व्यापारी नावाने नोंदणी केली. यातील नोंदणीचा भाग व्यवहाराचा आहे आणि तोच अधिक बोलका आहे; कारण लिंबाच्या साली अल्कोहोलमध्ये घालण्याची घरगुती रीत जुनी असली, तरी इटलीबाहेर लिमोन्चेल्लोचा जो बोलबाला झाला, तो गेल्या तीन-चार दशकांतला. आज बाटल्यांवर दिसणारी ‘आजीची पाककृती’ ही बरीचशी विक्रेत्यांची देणगी मानावी.

कृती सोपी आहे. काळजी घ्यायची ती साहित्याची. इटलीत ९५ ते ९६ टक्के तीव्रतेचे खाण्यायोग्य शुद्ध अल्कोहोल किराणा दुकानात उघड मिळते, आणि घरोघरी लिकर बनवण्याची परंपरा तेथे टिकून राहण्यास ही सोय बरीच कारणीभूत आहे. लिकर म्हणजे अल्कोहोलमध्ये फळ, फूल किंवा मसाला मुरवून साखरेने गोड केलेले मद्य. अशा अर्धा लिटर अल्कोहोलसाठी पाच-सहा मोठी, मेण किंवा बुरशीनाशक न लावलेली लिंबे घेतात, कोमट पाण्यात ब्रशने घासून कोरडी करतात आणि सोलाण्याने त्यांचा केवळ पिवळा थर उतरवतात. येथे हात जड पडून पांढरा थर बरोबर आला, तर मद्यात कडवटपणा उतरतो आणि मग साखरेने तो झाकला जात नाही. साली घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत अल्कोहोलमध्ये बुडवून अंधाऱ्या जागी ठेवायच्या, कारण उजेड आणि हवा लिंबाच्या तेलाला बिघडवतात आणि बिघडलेल्या तेलाला टर्पेंटाइनची झाक येते. लोणच्याप्रमाणे हेही प्रकरण मुरण्याचे आहे, परंतु लोणच्याइतका धीर येथे लागत नाही. काही घराण्यांत ४० दिवसांचा दंडक पाळतात. तथापि इतक्या तीव्र अल्कोहोलमध्ये तेलाचा बहुतांश भाग पहिल्या काही दिवसांतच उतरतो, आणि साली फिकट पडून कुरकुरीत झाल्या, म्हणजे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

त्यानंतर पाकाची पाळी येते. ७५० मिलिलिटर पाण्यात ४०० ग्रॅम साखर विरघळेपर्यंतच तापवायची. मिठाईसाठी लागतो तसा तारेचा पाक येथे नको. पाक पूर्ण थंड झाल्यावरच त्यात गाळलेले अल्कोहोल मिसळतात, कारण गरम पाकात अल्कोहोलची वाफ होते आणि ही वाफ पेट घेणारी असते. हे सारे काम पेटत्या शेगडीपासून दूरच करावे. विरघळलेली साखर सुमारे पाव लिटर जागा व्यापते, हे धरले, तर एकूण मिश्रण दीड लिटरच्या आसपास भरते आणि त्याची तीव्रता ३२ टक्क्यांच्या जवळ येते. लिकरमध्ये लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी, असा युरोपीय संघाचा सर्वसाधारण नियम आहे. या मिश्रणात ती अडीचशे ग्रॅमहून अधिक होते. जिभेला ती जास्त वाटत नाही, याचे कारण पेय अतिथंड प्यायले जाते आणि थंडीत गोडी मंद जाणवते.

पाक ओतताच एक नवल घडते. दोन्ही द्रव पारदर्शक असताना त्यांचे मिश्रण दुधट होते. पाण्याचे प्रमाण वाढल्यामुळे अल्कोहोलची तेल धरून ठेवण्याची ताकद घटते आणि सुटलेले तेल असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरते. ग्रीसच्या उझो या बडीशेपेच्या वासाच्या मद्यात पाणी घातल्यावर हेच होते. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर तरंगून यावे, असे वाटेल, पण तसे सहसा होत नाही. फ्रान्समधील ग्रनोबलच्या लाउए-लांझव्हाँ संस्थेत न्यूट्रॉनांचा झोत वापरून लिमोन्चेल्लोची तपासणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे थेंब सुमारे १०० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे असतात. इतके लहान थेंब सहजी एकत्र येऊन वर चढत नाहीत. धुकटपणा हा दोष समजून मद्य पुन्हापुन्हा गाळणाऱ्याच्या हाती कमी सुवासाचे मद्य लागते.

शुद्ध अल्कोहोल सर्वत्र मिळत नाही. कॅलिफोर्नियासारख्या अमेरिकी राज्यात ते विकण्यास मनाई आहे, आणि तेथील हौशी मंडळी व्होडकावर भागवतात. व्होडकात निम्म्याहून अधिक पाणी असल्याने तेल सावकाश आणि कमी उतरते, म्हणून साली अधिक दिवस ठेवाव्या लागतात, पाकातले पाणी बरेच कमी करावे लागते आणि मद्यही तितके दुधट होत नाही. महाराष्ट्रात तर परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा येथील वाचकाने ही कृती माहितीपुरती वाचावी. औषधाच्या दुकानातले किंवा रंगकामाचे स्पिरिट मात्र कोठेही आणि कोणत्याही कारणाने वापरू नये. त्यात मिथेनॉल असू शकते, ते डोळे घालवते आणि जीवही घेते. मुंबईतील मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसे याच विषाने दगावली.

आपल्याकडचे कागदी लिंबू या कामाला यथातथाच, कारण कागदासारख्या पातळ सालीखालचा पांढरा थर न खरवडता पिवळा थर उतरवणे जवळपास अशक्य असते. लोणच्यासाठी वापरले जाणारे जाड सालीचे ईडलिंबू त्या मानाने सोरेंतोच्या लिंबाच्या अधिक जवळचे आहे. साल उतरलेली लिंबे उरतात, ती मात्र लगेच वापरावी लागतात. ओलावा धरून ठेवणारे कवचच गेल्यामुळे ती दोन दिवसांत सुकून कठीण होतात, तेव्हा रस त्याच दिवशी पिळून सरबताला लावणे सोयीचे.