ओरखडा जातो का?
गाडीच्या दाराच्या आतलं, डिकीच्या कडेचं खरखरीत प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. त्यावरची पांढरी रेघ पुष्कळदा ओरखडा नसतेच. बुटाचा किंवा बॅगेचा घासून चिकटलेला थर असतो. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. उथळ ओरखड्यावर हीट गन लांबून, सतत हलवत फिरवली की पांढुरकेपणा कमी होतो. पण हे प्लास्टिक साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा. पॉलिश पेपर नकोच! दाणेदार पोत गेला की तिथे चकचकीत डाग उरतो, तो जन्माचा. सिलिकॉनचा स्प्रे ओरखडा भरत नाही, काही दिवस झाकतो. एअरबॅगच्या झाकणाला मात्र उष्णता, रंग, लांबी यांपैकी काहीही लावू नका.