लुस्त्रकडे परतीची वाट

पुनरुत्थान काळातील पाचव्या रविवारी, उपासनेच्या 'क' वर्षात, मिस्साबलिदानाचे पहिले वाचन 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातून घेतले जाते. पौल आणि बर्नबा लुस्त्र, इकुन्य व अंत्युखिया या नगरांना परत गेले, असे आपण त्यात ऐकतो. हे वाचन एकविसाव्या ओवीपासून सुरू होते. तिच्या आधीच्या दोन ओव्या रविवारच्या भाविकांच्या कानी पडत नाहीत; त्या लगेचच्या मंगळवारी वाचल्या जातात, आणि मंगळवारी मंदिरात किती जण असतात हे वाचकांना ठाऊक आहे. नेमक्या त्याच दोन ओव्यांत पौलाला झालेल्या दगडमाराची हकिकत आहे. ती वगळली, की 'परत गेले' हे शब्द एखाद्या साध्या प्रवासवर्णनासारखे वाटतात. म्हणून त्या ओव्यांकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

लुस्त्र ही रोमन लोकांची एक लहानशी वसाहत होती. आजच्या तुर्कस्तानातील कोन्या शहराच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर तिचे अवशेष आहेत. १८८५ साली सापडलेल्या एका शिलालेखामुळे ती जागा निश्चित झाली. कोन्या म्हणजेच त्या काळचे इकुन्य. इ.स. ४६ ते ४९ च्या दरम्यान केव्हातरी पौल आणि बर्नबा येथे आले, ते इकुन्यमधून जीव वाचवून. लुस्त्रमध्ये जन्मापासून कधीही न चाललेला एक माणूस पौलाच्या शब्दाने उभा राहिला. लोक आपल्या लुकवनी बोलीत ओरडू लागले की देवच खाली उतरले आहेत. बर्नबाला त्यांनी झ्यूस ठरवले आणि बोलण्याचे काम करणाऱ्या पौलाला हर्मीस. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन आला, तेव्हा प्रेषितांनी आपली वस्त्रे फाडून मोठ्या कष्टाने तो यज्ञ थांबवला.

मग अंत्युखिया आणि इकुन्य येथील विरोधक तेथे येऊन पोहोचले. त्यांनी जमावाला आपल्या बाजूस वळवले. ज्या गावाने माळा आणल्या होत्या, त्याच गावात पौलावर दगड पडले. तो मेला असे समजून त्याला फरफटत वेशीबाहेर टाकण्यात आले. शिष्य त्याच्याभोवती गोळा झाले, तो उठला आणि पुन्हा त्याच नगरात गेला. दुसऱ्या दिवशी त्याने बर्नबासह दर्बेची वाट धरली. लूकने हे सारे अवघ्या दोन वाक्यांत सांगितले आहे. जखमा कोणी धुतल्या, रात्री कोणी आसरा दिला, यांविषयी एक अक्षरही नाही. (हे विरोधक यहुदी होते, असे लूक लिहितो. त्यावरून सबंध यहुदी समाजाला दोषी धरणे साफ चुकीचे ठरेल. दगड खाणाराही यहुदीच होता.)

दर्बेहून पुढे पूर्वेस गेले असते, तर तौरस पर्वताची खिंड ओलांडून पौलाचे जन्मगाव तार्सस गाठता आले असते. हिवाळ्यात ती खिंड हिमाने बंद होई, हे खरे. पण थांबून वाट पाहता आली असती. प्रेषित मात्र आल्या वाटेने मागे फिरले. त्यांनी लुस्त्र, इकुन्य, अंत्युखिया या तिन्ही नगरांत पुन्हा पाऊल ठेवले. कारण लूक स्पष्टपणे देतो: नवशिष्यांना धीर द्यायचा होता, देवराज्याची वाट अनेक संकटांतून जाते हे समजावायचे होते आणि प्रत्येक ख्रिस्तसभेवर वडील नेमायचे होते. संकटांविषयीचे ते शब्द सांगणाऱ्याच्या अंगावरचे वळ अजून ओले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दांना वजन येते.

म्हणून पौलाला दुःखाची आवड होती, असे कोणी समजू नये. दिमिष्कात त्याला पकडण्यासाठी पहारा बसला, तेव्हा तो टोपलीत बसून तटाच्या खिडकीतून खाली उतरला. इकुन्यमध्ये दगडमाराच्या कटाची चाहूल लागताच त्याने ते नगर सोडले. यरुशलेममध्ये फटके मारण्यासाठी त्याला बांधले, तेव्हा त्याने आपले रोमन नागरिकत्व पुढे केले. फिलिप्पैचा प्रसंग तर फारच बोलका आहे. तेथे चौकशी न करताच पौल आणि सीला यांना छड्या मारून आतल्या कोठडीत खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री ते दोघे देवाची गीते गात होते, हे आपण आवडीने सांगतो. सकाळी काय झाले ते क्वचितच सांगतो. नगराधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जाण्याचा निरोप पाठवला, तेव्हा पौलाने साफ नकार दिला. ज्यांनी चारचौघांत मारले, त्यांनी स्वतः येऊन बाहेर काढावे, असा त्याचा आग्रह होता. ते आले आणि त्यांनी विनवणी केली. पौल जाणार होता. पण जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेच्या घरी जमणारी छोटी ख्रिस्तसभा तेथेच राहणार होती. गुन्हेगारांच्या शिष्यांचा मेळा असा शिक्का तिच्यावर बसू नये, हा त्यामागचा हेतू असावा, असे आमचे मत आहे.

'हा तुझा क्रूस आहे, मुकाट्याने वाहा', असे आपल्यात सहज बोलले जाते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे ऐकवले जाते, मजुरी बुडालेल्या कामगारालाही ऐकवले जाते. अशा सल्ल्याला पौलाचा आधार मिळत नाही.

त्याने जे सोसले, ते कोणासाठी हे पाहिले पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याने स्वतःच यादी दिली आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटले. यांतील बहुतेक प्रसंग लूकने सांगितलेलेच नाहीत; माल्टाजवळचे प्रसिद्ध गलबतभंगाचे संकट तर या पत्रानंतरचे आहे. एकोणचाळीस फटके ही सभास्थानाची शिक्षा. नियमशास्त्राने चाळिसांची मर्यादा घातलेली, म्हणून एक कमी. सभास्थानाशी नाते तोडले असते, तर ती शिक्षा पौलाला लागू झाली नसती, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. त्याने नाते तोडले नाही. आपल्या लोकांत राहण्याची किंमत म्हणून तो पाच वेळा पाठ उघडी करून उभा राहिला. यादीच्या शेवटाकडे तो सर्व ख्रिस्तसभांची रोजची काळजी नोंदवतो, फटक्यांच्याच ओळीत.

पुढे काही काळाने पौल पुन्हा लुस्त्रला गेला. तेथे त्याला तीमथ्य भेटला. त्याची आई युनीके आणि आजी लोईस या दोघी श्रद्धावंत होत्या. पौलाने त्या तरुणाला आपल्याबरोबर घेतले. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल रोममधील तुरुंगवासाविषयी सांगतो आणि अंत्युखिया, इकुन्य व लुस्त्र येथे आपल्यावर काय गुजरले, याची आठवण देतो. त्याचा तपशील तो लिहीत नाही. लुस्त्रच्या मुलाला तो ठाऊक होता.