व्हेनिसचा छापील निघंटु आणि तमालपत्राचे मूळ

इ. स. १४९९ च्या जुलै महिन्यात व्हेनिस येथील विद्वान मुद्रक आल्दुस मानुतियुस याने डायॉस्कोरिडीझचा औषधिद्रव्यांवरील ग्रंथ मूळ ग्रीक भाषेत प्रथमच छापून प्रसिद्ध केला. आज ही आवृत्ती दुर्मिळ ग्रंथांत गणली जाते. ग्रंथकार इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, आजच्या तुर्कस्तानातील अनाझार्बस गावचा वैद्य. द्रव्याचे स्वरूप, गुण, पारख आणि भेसळ असा क्रम असलेला हा पाच भागांचा ग्रंथ म्हणजे आपल्या परिभाषेत निघंटुच होय.

लॅटिन डायॉस्कोरिडीझ १४७८ मध्येच छापला गेला होता. मग ग्रीक पाठाचा आग्रह कशासाठी? फेर्रारा येथील वैद्य निकोलो लेओनिचेनो याने १४९२ मध्ये प्लिनीच्या चुका दाखविणारा ग्रंथ लिहून खळबळ उडविली होती. वनस्पतीच्या नावातील घोटाळा हा केवळ भाषेचा दोष नव्हे, त्याची गाठ रुग्णाच्या जिवाशी आहे, असा त्याचा रोख होता.

औषधनिर्मात्यांनी यातील जटामांसीचे प्रकरण अवश्य पाहावे. गंगेच्या प्रदेशातील जटामांसी वजनाने भारी व घट्ट व्हावी म्हणून तिच्यावर पाण्यातून किंवा खजुराच्या मद्यातून सुरम्याची पूड फुंकतात, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे आपले सौवीरांजनच! व्यापाऱ्यांची ही युक्ती दोन हजार वर्षे जुनी आहे.

तथापि या आवृत्तीत वनस्पतीचे एकही चित्र नाही. सन ५१२ च्या सुमारास तयार झालेली, जवळपास चारशे रंगीत वनस्पतिचित्रांची हस्तलिखित प्रत तेव्हा कॉन्स्टँटिनोपलमध्येच होती. पाठ शुद्ध झाला, परंतु त्या नावाची वनस्पती कोणती हे ठरविण्यास अक्षरे पुरेनात. पादुआ विद्यापीठाने १५३३ मध्ये औषधिद्रव्यांसाठी स्वतंत्र अध्यापनपद निर्माण केले आणि १५४५ मध्ये तेथे औषधी वनस्पतींचे उद्यान उभे राहिले, ते याच गरजेतून.

उद्यानातही न सुटणारा एक प्रश्न होता. 'मालाबाथ्रॉन' हे भारतातील दलदलीत पाण्यावर तरंगणारे, मूळ नसलेले पान आहे, असे डायॉस्कोरिडीझ लिहितो. हा शब्द आपल्या 'तमालपत्रा'चाच अपभ्रंश. ग्रीक वाचन कितीही निर्दोष असले तरी मूळ विधानच चुकीचे असेल तर संपादक काय करणार? त्याचे उत्तर गोव्यात मिळाले. १५३४ पासून भारतात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात, हे वृक्षाचे पान आहे, येथील लोक त्यास तमालपत्र म्हणतात, असे लिहून ग्रीक आचार्यास निःसंकोच खोडून काढले. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियुसने त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे काढला आणि ही दुरुस्ती युरोपभर पोहोचली.

आपल्याकडे निर्णयसागरच्या चरकसंहितेने पाठाचे काम उत्तम केले. द्रव्यनिश्चितीचे मात्र अद्याप अपुरे आहे. रास्नेचेच पाहा. उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, बंगालमध्ये वृक्षावर वाढणारी वांदा, तर केरळात अल्पिनिया गलांगाचा कंद त्या नावाने वापरला जातो. आपल्या औषधालयाच्या मागणीपत्रात वनस्पतिशास्त्रीय नाव व प्रयोज्यांग न लिहिता केवळ 'रास्ना' एवढाच शब्द असेल, तर यांपैकी कोणते पोते दारी उतरेल हे पाठवणारा व्यापारी ठरवतो.