थंड समुद्रावरची सहल आणि कपड्यांची बॅग

परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील आता तालुक्याच्या गावांतही गल्लोगल्ली आढळतात. तिकडे गेल्यावर मुले हौसेने त्यांना सहलीला नेतात. या सहलींत अलास्काच्या जहाजसफरीचे नाव अलीकडे वरचेवर ऐकू येते. सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हर बंदरातून निघालेले जहाज साधारण आठवडाभर उत्तरेच्या समुद्रात फिरते, केचिकन, ज्युनो, स्कॅगवे अशा गावांना थांबते आणि हिमनद्यांचे दर्शन घडवते. निघण्यापूर्वी तपासणीसाठी दवाखान्यात आलेली मंडळी हमखास विचारतात, ‘‘डॉक्टर, कपडे काय न्यावेत?’’ प्रश्न साधा वाटला तरी साठीपुढच्या माणसासाठी तो आरोग्याचाच आहे.

थंडी नेमकी किती?

अलास्का म्हटले की डोळ्यांसमोर बर्फच येतो. पण सफरीचा मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर असा असतो. जुलैत ज्युनो येथे दुपारी १७-१८ अंश तापमान असते. आपल्याकडे निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा याच्या पुष्कळ खाली उतरतो आणि तरी तिथली माणसे द्राक्षबागेत कामाला जातात. मग धोका कसला? धोका आहे तो ओल आणि वारा यांचा.

केचिकन येथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षाही जास्त. उन्हाळ्यातही तिथे भुरभुर चालूच असते. त्यात जहाज स्वतःच वारा निर्माण करते. हवेचे तापमान ५ अंश असेल आणि ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा अंगावर येत असेल, तर उघड्या त्वचेला ते शून्य अंशासारखे लागते. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात मोठी जहाजे जवळजवळ पूर्ण दिवस असतात आणि प्रवासी हिमनदी पाहण्यासाठी उघड्या डेकवर तासन्‌तास उभे राहतात. खरी परीक्षा तेव्हाच असते.

ओल एवढी वाईट का? पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तरंगण्याचे जाकीट घातलेले पुष्कळ प्रवासी बुडून नव्हे, तर गारठून मरण पावले. आपण पाण्यात पडणार नसतो हे खरे, पण भिजलेला बनियन हेच काम हळूहळू करत असतो.

एक जाड कोट नको, तीन पदर हवेत

जहाजाच्या आत उबदार असते आणि दार उघडून डेकवर आले की गारठा. एकच जाडजूड कोट असेल तर आत घाम येतो आणि त्याच घामट अंगाने बाहेर आले की हुडहुडी भरते. म्हणून चढवता-उतरवता येतील असे तीन पदर न्यावेत.

पहिला पदर अंगालगतचा. तो सुती नसावा, कारण सूत घाम शोषून ओलेच राहते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल घ्यावे. दोन जोड पुरतात. दुसरा पदर उबेचा : लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट. लोकर ओलसर झाली तरी काही ऊब टिकवते. तिसरा पदर वारा आणि पाऊस अडवणारा, टोपी जोडलेला जाकीट, आणि जमल्यास तशीच विजार. साधी छत्री त्या वाऱ्यात उलटी होते, तिच्यावर भिस्त ठेवू नये.

याशिवाय कानटोपी, मफलर, हातमोज्यांचे दोन जोड (एक भिजतोच) आणि पायमोज्यांचे पाच-सहा जोड. निम्मी उष्णता डोक्यातून जाते असे म्हणतात, ते खरे नाही. डोक्याचा वाटा त्याच्या आकाराएवढाच असतो. तरीही उघडे कान चटकन गारठतात, म्हणून आपली माकडटोपी तिथेही लाजू नये.

बायकांची अडचण

एका आजींनी मला स्पष्टच सांगितले, ‘‘डॉक्टर, या वयात मी काही पँट घालायची नाही.’’ हट्ट धरण्याचे कारण नाही. परकराच्या आत थर्मलची विजार घालावी, वर सुतीऐवजी लवकर वाळणारी कृत्रिम धाग्याची साडी थोडी उंच नेसावी. ओला काठ पायाला चिकटत राहिला तर बाकीचे सगळे कपडे वाया जातात. शाल खोलीत किंवा जेवणघरात जरूर घ्यावी. डेकवर मात्र ती वाऱ्याने फडफडते, जिन्यात पायात येते. तिथे जाकीटच बरे. आणि चपला नकोत, पावलाला धरून राहणारे, न घसरणारे बूट हवेत.

पायांकडे लक्ष

बूट जाड मोजे घालून मापाने घ्यावेत. घट्ट बुटाने रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय अधिकच गार पडतात. नवे बूट निघण्याआधी दोन-तीन आठवडे घरी वापरावेत. मधुमेह्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. बूट चावला किंवा मोजा भिजला तरी कळत नाही. त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, ओले मोजे लगेच बदलावेत आणि गार पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये. भाजले तरी समजणार नाही.

हृदयविकार व उच्च रक्तदाब असलेल्यांनीही जपावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हातपाय गार पडतात, पण म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. ‘ऊब यावी म्हणून’ घोटभर घेणाऱ्यांना सांगायचे तर, दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. बरे वाटते, पण शरीराची उष्णता बाहेर पडते.

घरच्यांनी ओळखायची खूण

वय वाढले की थंडीची जाणीव मंदावते, कुडकुडणेही कमी होते. म्हणून ‘‘मला काही थंडी वाजत नाही’’ या बाबांच्या बोलण्यावर विसंबू नये. जीभ जड होणे, बटण लावता न येणे, अडखळत चालणे, पेंग येणे ही शरीराचे तापमान घसरल्याची चिन्हे आहेत. लगेच आत न्यावे, ओले कपडे काढून अंग कोरडे करावे, पांघरूण घालावे, पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. जहाजावर डॉक्टर असतो, त्याला बोलवावे.

बॅग भरताना

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा आधी दिल्या जातात आणि खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून सर्व औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, वरचे जाकीट, कानटोपी आणि एक कोरडा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. बहुतेक जहाजांवर कपडे धुण्याची सोय असते, तेव्हा आठ दिवसांचे आठ जोड कोंबू नयेत. त्या जागेत मोज्यांचे दोन जोड जास्त बसतात, आणि हिमनदीसमोर उपयोगी पडतात ते तेच.